गगनबावड्याचा चंडोल

१

शाहीर गायचा थांबला, त्याला तिसरा दिवस होता. मी चौथीच्या मुलींना तेराचा पाढा घोकायला लावून खिडकीशी उभी होते, तेवढ्यात हंबीररावांचा गडी गुंडू धापा टाकत शाळेच्या फाटकातून आत शिरला.

"बाई, चला! सरकारांनी हुसेनचाचाला धरून बसवलंय. फौजदाराला बोलवा म्हनत्यात!"

पाढा राहिला तिथंच. मी पदर खोचला आणि निघाले. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. हेडबाई नाराज, सासर नाराज, पण हुसेनचाचांच्या अंगाला कोणी हात लावणार म्हटल्यावर मी थांबणाऱ्यांतली नव्हे.

शाहीर म्हणजे डफ घेऊन उभा राहणारा शाहीर नव्हे बरं का. शाहीर हा चंडोल. मुठीत मावेल एवढं, मातीच्या रंगाचं पाखरू, डोक्यावर शेंडीसारखा तुरा. त्या काळी, महाराजांच्या कारकिर्दीत, आमच्या कोल्हापूरच्या हौशी मंडळींना जसं कुस्तीचं वेड तसंच चंडोलांचंही. पिंजऱ्याला चारी बाजूंनी जाड कापडाचा गिलाफ घालायचा, कारण अंधारात पाखरू मन लावून गातं अशी समजूत. दाणापाण्यासाठी बाजूला एक चीर, तिच्याआड छोटं दार. मग गुढीपाडव्याला शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेत बैठक भरायची आणि झाकलेले पिंजरे ओळीनं टांगून ज्याचं पाखरू सगळ्यांत सुरेल गाईल आणि जास्त आवाजांच्या नकला करील, त्याला फेटा. सात वर्षं तो फेटा हंबीररावांच्या शाहीरला मिळत होता. कोंबडा म्हणू नका, घार म्हणू नका, हंबीररावांच्या घोडीचं खिंकाळणंसुद्धा तो काढायचा. आणि आता पाडवा उद्यावर आला असताना त्यानं तोंड मिटलं होतं.

हुसेनचाचा त्याचे राखणदार. आणि माझे गुरू. रोज पहाटे ते झाकलेला पिंजरा घेऊन टेंबलाईच्या माळावर जात, पाखराला हवा खायला. मीही तिथं वही घेऊन हिंडायची. लोक मला खुळी म्हणत. एकट्या चाचांनी कधी म्हटलं नाही. "बेटी, सगळी मातीच्या रंगाची दिसत्यात, पन एकासारखं दुसरं न्हाय," असं म्हणून त्यांनी मला शेपूट हलवणारी तिरचिमणी दाखवली, तांबड्या शेपटीचा बिनतुऱ्याचा मुरारी दाखवला. ह्या हिवाळ्यापासून खैरुनबीचाचीही त्यांच्यासोबत यायला लागली होती. पुढं ती, मागं ते. पंचावन्नाव्या वर्षी तिनं पायात पैंजण घातले म्हणून पाणवठ्यावरच्या बायका तिला हसत. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू?

२

हंबीररावांच्या सोप्यावर गर्दी जमली होती. मधोमध पिंजरा, एका खांबाशी हुसेनचाचा मान खाली घालून बसलेले, आणि हंबीरराव येरझारा घालत होते. माणूस दिसायला धिप्पाड, पण डोळे रडून लाल झालेले. होय, रडून!

"दर पाडव्याला हारतोय त्या अंबादास व्यापाऱ्यानं फितवला ह्या हुसेनला! अफू चारली माझ्या शाहीरला! मास्तरीणबाई, तुमी मधी पडू नका."

"रावसाहेब, मी मधे पडणारच. अफू चारली की नाही ते पाखरू बघून कळेल. गिलाफ काढा."

सोप्यावर एकदम कुजबुज झाली. हंबीरराव दचकलेच. "गिलाफ? सात वर्सांत मी काडला न्हाय! उजेड बसला तर आवाज जातोय."

"आवाज गेलेलाच आहे. आणखी काय जायचंय?"

हंबीरराव बाजूला सरले. दर गुरुवारी पिंजरा साफ करायला गिलाफ उतरवायचे ते फक्त चाचा, तेही आपल्या खोलीत, दार लावून. नाडीला नेहमी सुरगाठ, एका ओढीत सुटणारी. मी नाडी ओढली, तर ती सुटेना. पक्की निरगाठ! नख तुटलं तेव्हा कुठं ती सैल झाली आणि गिलाफ खाली पडला.

पाखरू कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. तुरा होता. रंग मातीचा होता. बघणाऱ्यांनी निःश्वास सोडला. माझं मात्र लक्ष त्याच्या पोटाकडे गेलं. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी चाचांनी मला शाहीर दाखवला होता आणि मी त्याचं चित्र काढलं होतं. मी पिशवीतून वही काढली, पान उघडलं, पाखरू पाहिलं, परत पान पाहिलं.

"अफूबिफू काही नाही!" मी ओरडलेच. "हा शाहीर नव्हेच!"

"आँ?"

"हे बघा. शाहीरचं पोट तांबूस, छातीवर बारीक बारीक चारसहा रेघा. ह्याचं पोट पांढुरकं, छातीवर काळ्या जाड रेघांची गर्दी, आणि अंगानंही हा थोडा मोठा. शाहीर आपल्या पूर्वेकडच्या खडकाळ माळावरचा. हा घाटाकडचा, गगनबावड्याच्या बाजूचा. कोणीतरी पाखरू बदललंय!"

काय आनंद झाला मला! दोन वर्षांची वही, चाचांची शिकवण, सगळं एका क्षणात खरं ठरलं. मी हसत चाचांकडे वळले, आणि माझं हसू तिथंच गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पिंजरा उघडतंय कोन?" हंबीररावांचा आवाज आता शांत होता, आणि तोच जास्त भीतीदायक होता. "एकटा हुसेन. म्हंजे अफू न्हाय, चोरी! उद्या बैठकीला बसायच्या आत शाहीर आला न्हाय, तर हुसेन फौजदाराच्या ताब्यात आनि त्याची खोली रिकामी. संपलं."

चाचांना वाचवायला आले होते मी. मीच त्यांना खड्ड्यात घातलं होतं.

३

स्वतःवर चिडायला वेळ नव्हता. गगनबावडा म्हटल्यावर सोप्यावरच्या सगळ्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या होत्या. हंबीररावांचे मेहुणे आण्णा. गगनबावड्याहूनच पाहुणे आलेले, आणि पहाटेच्या त्या गाण्यानं झोप मोडते म्हणून दर मुक्कामात पाखराला उघड उघड शिव्या देणारे. मी त्यांना झोपाळ्यावर गाठलं.

"व्हय, मला त्येचा वैताग हाय," आण्णा सुपारी कातरत म्हणाले. "पन बाई, मी आलो सोमवारी तिन्हीसांजंला. सोमवारी सकाळीच दाजी बोंबलत हुते म्हनं, की काल दुपारपासनं शाहीर मुका. इचारा गुंडूला, त्येनंच माजी ट्रंक उतरवली."

गुंडूनं मान डोलावली. पाखरू रविवारीच बदललेलं, आणि रविवारी आण्णा कोल्हापुरात नव्हते.

मग राहिला अंबादास. मी तडक शाहूपुरी गाठली. दुकानात गुळाच्या ढेपांची रास, त्यामागं अंबादास, आणि वर कडीला त्याचा झाकलेला पिंजरा. सोप्यावरची बातमी माझ्याआधी पेठेत पोचली असावी, कारण मी काही बोलायच्या आत तोच उसळला.

"मला ठावं हाय तुमी कशाला आलाय! सात वर्सं हारतोय म्हनून मी चोर? मास्तरीणबाई, मुक्या शाहीरला हरवून फेटा बांधला तर पेठंत लोक माज्या तोंडाव हसतील की!"

"आणि पाखरू बदलायचंच असतं तर?"

"तर तुमाला कळलंच नसतं!" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "तांबड्या पोटाचा चंडोल टेंबलाईच्या माळाव पैशाला पासरी हाय. त्यो सोडून पांढऱ्या पोटाचं घाटाकडचं धूड कोन आनंल? ज्याला चंडोलातलं काय बी कळत न्हाय, त्यो!"

मी दारातच थबकले. त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात दिवा लागला. ज्यानं बदललं त्याला पाखरांतलं काही कळत नव्हतं. अंबादासला कळतं, म्हणजे तो सुटला. हुसेनचाचांना तर सगळ्यांहून जास्त कळतं, म्हणजे ते केव्हाच सुटले!

मी जवळजवळ पळतच निघाले. आणि अर्ध्या वाटेत थांबले. चाचांना सगळ्यांहून जास्त कळतं ना? मग पांढऱ्या पोटाचं पाखरू तीन दिवस त्यांच्या हातचं खात होतं, तेव्हा ते त्यांना कळलं कसं नाही?

४

वाटेत खैरुनबीचाची भेटली. डोळे सुजलेले, तोंड मात्र चालू. "त्या अंबादाश्याचं वाटोळं व्हईल! माज्या मान्साला उपाशी बसवलंय सकाळपासनं. कालिंदीबाय, एवढी भाकरी दे त्यास्नी. मला आत सोडंनात." तिनं एक फडकं माझ्या हातात कोंबलं आणि पैंजण वाजवत निघून गेली.

सोप्यावर आता चाचा आणि राखणीला गुंडू, दोघंच होते. मी पायरी चढले तरी चाचांनी मान वर केली नाही. "चाचा," म्हटलं, तेव्हा हसले. "बेटी, तू व्हय!"

मी फडकं सोडायला घेतलं. गाठ सुटेना. ओढली, नखानं उकरली, छे! शेवटी दात लावले. चाचा त्या आवाजावरच हसले.

"तिची गाठ हाय ती. सुरगाठ काय तिला जमली न्हाय. तीस वर्सं मी दातानंच सोडतोय."

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. ओठावर अजून त्या गाठीचा पीळ टोचत होता, आणि सकाळी तुटलेलं नख ठणकत होतं. तीच निरगाठ!

पण चाचांना हे कसं सांगायचं? त्याआधी एक गोष्ट पडताळायची होती, आणि ती खोटी ठरावी म्हणून मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. ऊन थेट पानावर पडलं होतं.

"चाचा, कालच काढलंय. बघा बरं, कुठला चंडोल हा? तांबूस की पांढुरका?"

त्यांनी वहीकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. मग कौतुकानं मान हलवली.

"झकास काडलंस की. तांबूसच. अगदी आपला शाहीर."

पान कोरं होतं.

मी वही हळूच मिटली. गुंडू तोंड वळवून उभा राहिला, त्यालाही दिसलं होतं. चाचांना काय ते उमगलं असावं. त्यांचा हात हवेत चाचपडत आला आणि माझ्या मनगटावर थांबला.

"सांगू नगंस, बेटी. दिवाळीपासनं निस्तं धुकं दिसतंय. आंधळा राखणदार कोन ठेवंल? चोर म्हनून गेलो तर निदान डोळं शाबूत असलेला चोर म्हनून जाईन."

५

खैरुनबीचाची चुलीपाशी बसली होती. मी दारातच म्हणाले, "चाची, गिलाफाची गाठ तुझी आहे."

तिनं आधी कांगावा केला, मग चिडली, मग पदरात तोंड खुपसून रडायला लागली. तशीच हुंदके देत बोलली.

"मीच गं, मीच! त्यांस्नी दिसंना झालं तशी मी फुडं चालाय लागले. पैंजणाच्या आवाजावर त्ये मागनं येतेत. लोक हसूंदेत, मान्साचा पाय खड्ड्यात पडाय नको. ऐतवारी माळावर त्येनी चिरीतनं नाकतोडा चारला आन दाराचा आकडा बसलाच न्हाय. घरी येताना पिंजरा मी घेटला, तर हलका लागला. आत बघतीय तर रिकामा! काळीज पानी झालं माजं. त्यांस्नी सांगितलं असतं तर त्ये सरळ सरकारांच्या पायाव जाऊन पडलं असतं. दुपारी बाजारात घाटाकडचा एक पाखरंवाला बसलाता. चंडोल दे म्हनलं, दिला. तुरा हाय, मातीचा रंग हाय, आनि काय पायजे? गिलाफाच्या आत बघतंय कोन?"

आणि खरंच होतं की तिचं! सात वर्षं सगळं गाव शाहीरला कानानं ओळखत होतं. चाचा आणि मी सोडून त्याचं तोंड कोणीच पाहिलेलं नव्हतं.

"चाची, शाहीर माळावरच सुटला ना?"

"व्हय. रोज त्यांस्नी रुईच्या झुडपाखाली बसवून हुडकतीय, त्यांस्नी कळू नये म्हनून पैंजण काडून. पन बाय, तितं पन्नास पाखरं, आनि सगळी सारखी! कुठलं आपलं म्हनायचं?"

मी तिचे दोन्ही खांदे धरले. मला हसू येत होतं आणि रडूही. सात वर्षं ज्या माळाची हवा खाल्ली, तो सोडून शाहीर जाणार कुठं? "उद्या उजाडताना चल. पैंजण घालून चल. रावसाहेबांना मी आणते."

"सरकारांस्नी? आनि ह्येंचे डोळं?"

मी पदर खोचला आणि रावसाहेबांच्या सोप्याची वाट धरली.

६

पाडव्याची सकाळ. सूर्य अजून वर यायचा होता. टेंबलाईच्या माळावर हंबीरराव घोडीवरून उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. पुढं चाची, वाटेतच चाचांजवळ सगळं कबूल केलेली, तिच्या पैंजणामागं ते, आणि पिंजरा घेतलेला गुंडू. रिकामा पिंजरा, घाटाकडचं पाखरू मी रात्रीपुरतं दुसऱ्यात ठेवलं होतं.

"मास्तरीणबाई, मला इथं कशाला आनलं?"

"शाहीर इथंच आहे. ह्या पाखरांत."

त्यांनी माळावर नजर फिरवली. जिकडंतिकडं मातीचीच ढेकळं उडत, पळत, बसत होती. "ह्यात? ह्यातला कंचा?"

मी एकेक बाजूला काढायला लागले. तो शेपूट हलवतोय, तिरचिमणी, सोडा. तो बिनतुऱ्याचा, मुरारी, सोडा. राहिले तुरेवाले, सगळे तांबूस पोटाचे, अठरावीस तरी. शाहीर पिंजऱ्यातला, म्हणजे शेपटीची टोकं घासून झिजलेली असणार. पण पळत्या पाखराची शेपटी दिसते कुठं! एक पाहावं तर दुसरं उडावं. तांबडं फुटलं होतं, डोळ्यांना पाणी यायला लागलं. आणि मग तीन चंडोल एकदम आभाळात चढले आणि गायला लागले. एकानं कोंबडा काढला.

"शाहीर!" हंबीरराव ओरडले.

"न्हाय सरकार," चाचा शांतपणे म्हणाले. "कोंबडा रानातलाबी काढतोय. जरा थांबा."

दुसऱ्यानं घार काढली. चाचांनी मान हलवली. तिसरा अगदी उंच होता, नुसता ठिपका. त्यानं घार काढली, घोडीचं खिंकाळणं काढलं, हंबीररावांची घोडी कान टवकारून बघायला लागली, आणि त्यानंतर त्यानं असं काहीतरी काढलं की मी वळून चाचीकडेच पाहिलं. छुन, छुन, छुन. पैंजण!

"त्योच!" चाचांनी बोट वर केलं. आंधळ्या माणसाचं बोट, पण नेमकं त्या ठिपक्यावर. "त्योच माजा शाहीर!"

"चाची, चाल!" मी किंचाळले. "नुसती चाल!"

चाची रडत रडत माळावर चालायला लागली. छुन, छुन. सात वर्षं पिंजऱ्यातलं पाखरू, तीन दिवसांचं अर्धपोटी. हिवाळ्यापासून तो आवाज म्हणजे त्याची न्याहारी होती. ठिपका दगडासारखा खाली आला, जमिनीला लागला आणि तुरा उभारून तिच्या पावलांमागं तुरुतुरु धावत सुटला. चाचा गुडघ्यांवर बसले, तळहातावर नाकतोडा ठेवला, आणि शाहीर त्यांच्या हातावर चढला. झिजकी शेपटी, तांबूस पोट, बारीक रेघा. मी टाळ्याच पिटल्या, शाळेतल्या पोरीसारख्या!

हंबीरराव हळूहळू पुढं आले. वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले.

"हा?" त्यांनी पाखराकडे बोट केलं. "एवढंसं? ह्यो माजा शाहीर?"

"व्हय सरकार." चाचांनी मान उचलली. "आनि एक सांगायचं हाय. चोरी झालीच न्हाय. माझ्या हातनं आकडा ऱ्हायला. मला दिसत न्हाय, सरकार. दिवाळीपासनं. बायकोनं झाकून घेटलं. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

चाचीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हंबीरराव एकदा त्या पैंजणांकडे बघत, एकदा हातावरच्या पाखराकडे.

"हुसेन," ते म्हणाले, "सात वर्सं मी ह्येचा जीव की प्राण म्हनून हिंडतोय, आनि आत्ता वाटंत पडला असता तर चिमनी म्हनून पाय देऊन गेलो असतो. डोळं असून मला काय दिसलं? आबाळातला ठिपका तू दाखवलास." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम गरजले, "गुंडू! शिंप्याला उठीव! ह्या गिलाफाला हातभर खिडकी कापायची. मला ह्येचं तोंड रोज बघायचंय. आनि आजपास्नं शाहीरचे राखनदार दोन. हुसेन आनि खैरुनबी. ज्याला हसायचं त्यो माज्या म्होरं येऊन हसंल!"

चाची चाचांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी तिच्या पैंजणावर हात ठेवला.

त्या दिवशी बैठकीत शाहीर खिडकीतून लोकांकडे बघत बसला आणि एक सूर काढला नाही. फेटा अंबादासला गेला. हंबीररावांनी तरीही पेठभर साखर वाटली.

घाटाकडचं पाखरू आठवड्यानं आण्णांच्या गाडीतून गगनबावड्याला गेलं. निघण्याआधी मी दोन्ही पिंजरे शेजारी ठेवून चाचीला समजावलं. हे पोट बघ, ह्या रेघा बघ, हा अंगानं मोठा, हा लहान. तिनं अगदी मन लावून ऐकलं. मग इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी लागली.

"कालिंदीबाय, कुनाला सांगू नगंस हां. मला अजूनबी दोन्ही सारखीच दिसत्यात."